कापूस वेचू नये

‘कापूस वेचू नये’ हे वाक्य माझं आहे. कुण्या साहेबानं नाही लिहिलं, मी लिहिलं. बत्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवली आणि निवृत्तीनंतर जे एकमेव वाक्य चारचौघांत वाचलं जातं, ते हे. पत्र्यावर, हिरव्या रंगात, माझ्या नावासकट.

धामणगाव बढ्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं शेत होतं. पणजोबांपासून तिथं कापूस व्हायचा. कसायचा मोठा भाऊ, आणि तो गेल्यावर वहिनी. मी मास्तर माणूस. शेताशी माझा संबंध हुरड्यापुरता. मग जागा निसर्ग उद्यानासाठी हवी म्हणून नोटीस आली. हरकत घ्यायला मुदत होती. वहिनीनं नोटीस माझ्यापुढं ठेवली. म्हणाली, “भाऊजी, मले वाचता येत नाही, तुमाले लिहिता येते. लिहा दोन कडक ओळी.”

मी लिहिणारच होतो. पण त्याच आठवड्यात उद्यानाचे साहेब घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “सर, फलकांची भाषा तुमच्यासारख्या जाणकारानंच लिहावी.” झालं! मी फुगलो. हरकतीची मुदत मी फलकांची वाक्यं घासूनपुसून काढण्यात घालवली. ‘प्रेक्षणीय’ लिहावं की ‘दर्शनीय’, या विचारात तीन रात्री झोप नाही आणि हरकतीचा कागद कोराच. या गाढवपणाला आजही योग्य विशेषण सापडलेलं नाही, आणि विशेषणं शोधणं हाच माझा धंदा होता.

आता तिथं काय आहे ते सांगतो. बांध होता तिथं चालायचा लाल रबरी पट्टा. विहिरीवर जाळी. सिमेंटची बैलजोडी, तिच्यावर बसून फोटो काढतात म्हणून एकाचं शिंग मोडलेलं. ज्या मातीत पिकत होतं तिच्यावर आणून टाकलेलं लॉन, आणि लॉनला पाणी आमच्याच विहिरीचं. आणि मधोमध खोलीएवढ्या तुकड्यात, साखळी लावून, ‘पारंपरिक शेतीदर्शन’. त्यात कापसाच्या चार ओळी. जिवंत शेत मोडायचं आणि त्याचा नमुना मांडून ठेवायचा! त्याखाली माझं वाक्य: ‘ही बोंडे प्रेक्षणीय ठेव आहेत. कापूस वेचू नये.’

आमच्याकडे कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. झाडाला हळदकुंकू वाहायचं, दहीभात शेतात शिंपडायचा आणि मग पहिला कापूस वेचून घरी आणायचा. वहिनी दिवाळीच्या वाती त्याच कापसाच्या करत आली. लग्न होऊन आली तेव्हापासून शेत जाईपर्यंत एकदाही चुकलं नाही. यंदा दिवाळीच्या चार दिवस आधी ती वाटीत दहीभात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. “चला. पाच बोंडं पायजेत, जास्त नाही.”

फाटकावर गार्ड होता तो माझाच जुना विद्यार्थी. वाचताना अडखळायचा म्हणून मी त्याला वर्षभर रोज उभं करून वाचायला लावलं होतं. त्यानं वाटी पाहिली आणि फाटकावरच्या नियमांच्या फलकाकडे हात केला. “काकू, खाण्याचं आत नेता येत नाही.”

“देवाचं हाये बाप्पा, खाण्याचं नाही.”

“सर, तुमी सांगा न यायले.”

मी काय सांगणार? मी रुबाब दाखवला. “अरे, तो नियम मी लिहिलाय. मी सांगतो, सोड.”

त्यानं माझ्यादेखत फलक वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविराम सांभाळून, एकदाही न अडखळता. शेवटी माझं नावही वाचलं. “तुमीच तं शिकवलं सर, लिहिलं ते वाचाचं, मनातलं नाही जोडाचं.”

वहिनीनं वाटी त्याच्या टेबलावर ठेवली आणि आत गेली. मी मागं. साखळीपाशी ती थांबली. बोंडं कधीची फुटलेली. कापूस लोंबून लोंबून खाली पडलेला, मातीनं माखलेला, पिवळा. आयुष्यभर ज्या बाईनं एक बोंड झाडावर सोडलं नाही, तिला तो तसा बघवेना. हात पदरात गुंडाळून उभी राहिली.

“असा सडू देऊन राह्यले? काऊन बे?” हे ‘बे’ तिनं मला म्हटलं. मला! लग्न झाल्यापासून ‘भाऊजी’शिवाय न बोललेल्या वहिनीनं.

मी साखळी ओलांडली. कापूस वेचायला काय अक्कल लागते, असं मला वाटायचं. लागते. बोंडाचं टोक बोटात घुसलं, कापसाबरोबर वाळका पाला आला, एक फांदीच मोडली. वहिनी बाहेरून ओरडते आहे, “काडीकचरा नका घेऊ! तीन बोटांनं ओढा! काय मास्तर हो तुमी!” पाचवं बोंड हातात आलं आणि शिट्टी वाजली.

गार्डनं माझं नाव वहीत लिहिलं. कापूस प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाटकाजवळच्या त्याच्या खोलीतल्या खिळ्याला टांगला, ‘जप्त’ म्हणून. त्याच्यावर चिडून काय करू? साहेबांना तिथूनच फोन लावला. ते गोड आवाजात म्हणाले, “सर, तुम्हीच मोडलं तर लोकांना काय सांगायचं?” एवढं बोलून फोन ठेवला. त्या माणसाला मी माझ्या घरी, माझ्या कपात चहा पाजला होता.

वहिनीनं वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. “घ्या, खाऊन घ्या. शेत खाल्लं, हेही खा.”

मी रस्त्याच्या कडेला उभं राहून तो दहीभात खाल्ला. टाकून देणं जमलं नाही.

दिवाळीला तिच्या घरी गेलो. दिव्यात दुकानातल्या वाती होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. तिनं फराळाचं ताट पुढं केलं. मग दिव्याकडे बघतच विचारलं, “त्या बोर्डाचा रंग कवा उडते?”

पेंटर रंगाचा एकच हात देणार होता. दुसरा हात मी उन्हात उभं राहून मारून घेतला होता.

“लवकर नाही उडत, वहिनी,” मी म्हणालो.