पळालेल्या कैद्यापर्यंत मीच पोलिसांना नेलं

मित्रांनो, आज सकाळी पोलीस दारात आले. काल कोर्टातून पळालेला एक कैदी धामापूरच्या रानात शिरला होता. माझी काजूची बाग तिथेच, साऱ्या वाटा पायाखालच्या, म्हणून मी पुढे झालो.

दोन तासांनी तो करवंदीच्या जाळीत सापडला. पाय रक्ताळलेले, पळायचं त्राण उरलं नव्हतं.

हात जोडून म्हणाला, "आवस मराक टेकली हा. एकदा तिका बघूक देवा, मगे न्हेवा माका."

त्याच्या आईचं घर डोंगरापलीकडे, अर्ध्या तासावर.

"मला तो अधिकार नाही," साहेब म्हणाले आणि त्याला गाडीत बसवलं.

दुपारी कळलं, म्हातारी गेली.

वाट माहीत नाही, असं सांगता आलं असतं मला. तुम्ही काय केलं असतं?