काकूंच्या फोल्डरचं नाव

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज मला माझीच लाज वाटली.

नाशिकला मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मनमाडहून शिंदेकाकू येतात. वय बावन्न. एडिटरमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि तिथलंच बटण दाबून चालवायचा, यासाठी आम्ही एडिटरला एक प्लगइन, म्हणजे छोटं जोड-सॉफ्टवेअर, टाकलंय. सगळ्यांचं चालतं, काकूंचं तीन दिवस नाही. "फाइल सापडत नाही," एवढंच येतं. मी रोज त्यांचा कोड तपासायचे आणि म्हणायचे, "जमेल हो हळूहळू."

आज काकूंनी पिशवी उचलली. "मॅडम, या वयात नाही जमत. उद्यापासून नाही येत मी."

तेव्हा कुठे मी त्यांचा प्रोग्राम ठेवलेला फोल्डर बघितला. नाव मराठीत, 'श्री'.

"नव्या वहीवर आधी श्री लिहितो ना, तसंच," काकू म्हणाल्या.

त्या प्लगइनला मराठी नाव वाचताच येत नव्हतं! इंग्रजीत नाव दिलं, बटण दाबलं, प्रोग्राम लगेच चालला.

तीन दिवस मी काकूंचीच चूक शोधत होते. तुमचंही असं होतं का हो?

काकूंनी मात्र पिशवी खाली ठेवली, समोरच्या जाडजूड मॉनिटरवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जमेल हो त्यालाही हळूहळू."