पायघोळ चटई

टोंगाच्या एका बेटावर, लेसिएलीच्या घरात सगळ्यांत आधी उठायचा तो कोंबडा आणि सगळ्यांत शेवटी जेवायची ती लेसिएली. मधल्या वेळात डुकरांना खोबरं, नवऱ्याला चहा, नातींच्या वेण्या, चर्चच्या जेवणाला सोललेले सुरण, आणि त्यातूनही वेळ उरलाच तर गावच्या बायका जमून चटया विणायच्या ती पडवी. पन्नाशी ओलांडली तशी रक्तात साखर शिरली, अंगातून वाफा निघू लागल्या, गुडघे कुरकुरू लागले. पण आपण आजारी आहोत हे कळायलाही माणसाला घटकाभर रिकामं बसावं लागतं. ही बसली की हातात केवड्याची पात असायचीच.

गावच्या दवाखान्यातली नर्स कालो मोठी हौशी. तिने या वयाच्या बायकांसाठी शनिवारी सकाळी किनाऱ्यावर फिरणं सुरू केलं. "अर्धा तास फक्त स्वतःचा," ती म्हणाली.

"स्वतःचा म्हणजे नक्की कुणाचा गं?" लेसिएलीच्या मावशीची मुलगी सेईनी हिने विचारलं, आणि पडवीभर हशा पिकला.

लेसिएली एकदाच गेली. तेव्हाही येताना ओटीत नारळ आणि काखेत जळण. "अगं, फिरायला गेली होतीस की बाजाराला?" नवरा पेनी म्हणाला. त्याने काही ते जळण फोडायला घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग एके दिवशी, समुद्रात भिजत ठेवलेल्या केवड्याच्या पातींच्या जुड्या काढायला ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि पायाचा तळवा पोवळ्याच्या खडकाने कापला. तिला पत्ताच नाही. घरी आल्यावर नव्या चटईवर लाल डाग दिसले, तेव्हा ती आधी नातींवर ओरडली.

"आणि दुखत नाही बघ अजिबात!" ती पडवीत मिरवत सांगू लागली.

"दुखत नाही म्हणून नाचतेस काय? चल कालोकडे," म्हणून सेईनीनेच तिला ओढत नेलं.

कालोने तळवा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, हे दुखायला हवं होतं. रोज पट्टी बदलायला यायचं. पाय उशीवर ठेवून बसायचं. चिखल नको, पाणी नको, उभं राहणं नको. ऐकलं नाहीस तर पाय जाईल."

"बसू? मी?"

"हो, तूच. जरा दुसऱ्यांना करू दे तुझं."

"दुसऱ्यांना जमत नाही गं," लेसिएली म्हणाली. पण घाबरली असावी, कारण गेली खरी रोज. जखम भरूही लागली. पेनीने एकदा स्वतः चहा केला. गावभर चर्चा झाली.

आणि लेसिएलीची आत्या गेली.

टोंगात आत्या म्हणजे बापाहून मोठी. ती गेली की दुखवट्यात तिच्या भावाची मुलं सगळ्यांत खालची. त्यांनी केस मोकळे सोडायचे, जुनीपानी, फाटकी, पार जमिनीवर लोळणारी चटई कमरेला बांधायची आणि मागच्या अंगणात चुलीपाशी राबायचं. चटई उतरेपर्यंत पुढच्या घरात पाऊल टाकायचं नाही. लेसिएलीचे भाऊ ऑकलंडला. म्हणजे राबायला उरली ती एकटीच.

"मी नेसते चटई तुझ्याऐवजी," सेईनी म्हणाली. "तू घरी पाय वर करून पड. लोक बोलतील ते बोलू देत."

"तू कोण लागतेस माझ्या आत्याची? माझ्या लग्नात तिने अंगावरची मानाची चटई सोडून मला नेसवली होती. आता ती मेली तर मी उशा घेऊन लोळू?"

तिने दोरी आवळली. चटई पायघोळ, पट्टी दिसेना, पाय दिसेना. झालं, पायच नाही असं समजून ती कामाला लागली. ओल्या मातीत बसून कंद सोलले, घागरी वाहिल्या, टोप घासले.

नर्स कालो पुढच्या घरात, प्रार्थना म्हणणाऱ्यांत. मानाच्या पाहुणीने उठून चुलीशी जाणं रीतीला धरून नव्हतं. तिने दारातून सेईनीला खुणावलं. "लेसिएली पट्टीला का येत नाही?"

सेईनी मागे जाऊन विचारून आली. "बरा आहे म्हणते. भरत आलाय."

"तू पाहिलास?"

"पाहिला," सेईनी म्हणाली. पाहिला नव्हता.

चुलीपाशी वास सुटला. "मेली डुकराची आतडी कुणी वरवर पुरली?" बायकांनी पेनीला धारेवर धरलं. बिचाऱ्याने खड्डा उकरून पुन्हा खोल पुरली. वास जाईना. "पेनी, तुझे मोजे तर नाहीत ना रे?" सगळ्या हसल्या. लेसिएली सगळ्यांत जास्त हसली. तिचे डोळे तापाने चकाकत होते.

चटया उतरवायचा दिवस आला. मोठं जेवण, नवे कपडे. म्हाताऱ्या चुलतीने लेसिएलीची दोरी सोडली, चटई खाली पडली. पायाची बोटं काळी पडली होती. वास कुठून येत होता ते कळलं. पेनी तोंडावर हात ठेवून खालीच बसला.

बोटीने मोठ्या इस्पितळात नेलं. गुडघ्याखालून पाय काढला. तो पेनीने खोक्यात घालून गावी आणला, कारण आपलं माणूस असं तुकड्यातुकड्यानेही परक्या मातीत ठेवत नाहीत. आत्याच्या शेजारी पुरला. गावाला नवाच पेच पडला: पायासाठी चटई कुणी नेसायची, चुलीशी कुणी बसायचं? कुजबुज झाली, थोडं हसूही फुटलं, मग तेही विझलं.

बऱ्याच दिवसांनी लेसिएली घरी आली. उशीला टेकून बसली. ताट आयतं आलं, चहा आयता आला. पलीकडे किनाऱ्यावर शनिवारच्या बायका चालल्या होत्या. आता चांगली लांब रांग होती.

"पाय पुरला तेव्हा चुलीशी कोण होतं?" तिने विचारलं.

"मी," सेईनी म्हणाली. "चटई नेसून."

"तू कोण लागतेस माझ्या पायाची?"

सेईनीने ताट तिच्याजवळ सरकवलं. "मी तेव्हा कालोला खोटं सांगितलं गं," ती कशीबशी म्हणाली.

"मीच सांगायला लावलं." लेसिएलीने ताट बाजूला सारलं आणि पांघरुणाच्या सपाट, रिकाम्या भागावर हात दाबून धरला. "सेईनी, दुखतोय गं. इतका दुखतोय. आता दुखतोय."