नानांसमोर बटण कसं दाबायचं?

“सर, अकरा पानांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत?” फोनवर मॅडमनी विचारलं.

“नाही,” मी छाती फुगवून म्हणालो.

“मग चार्टर्ड इंजिनिअर कशाला होताय? देवळात बसा!”

पन्नाशीच्या माणसाशी असं बोलतात का? पण मॅडम माझ्या मार्गदर्शक. या दर्जासाठी कामातला एक प्रसंग लिहायचा असतो. आपण काय केलं, काय चुकलं, पुढे काय बदललं. शिवाय तेव्हा हजर असलेल्या एकाची सही. दर्जा मिळाला तरच मला मेंटेनन्स हेडची खुर्ची मिळणार होती. आणि खुर्चीवर माझा फार दिवस डोळा होता.

चूक घडली होती. जळगावच्या एका डाळमिलमध्ये एलिव्हेटर अडकला. म्हणजे डाळ वर चढवणारा, बादल्या लावलेला उभा पट्टा. तो उघडण्याआधी स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं. पट्टा हलला नाही, तरच हात घालायचा. स्विच पाडला नानांनी. आमचे सगळ्यांत जुने वायरमन.

“बंद करेल शे, भाऊ,” ते म्हणाले.

मी बटण न दाबताच हात घातला. तेवढ्यात पॅनेलवरून कुणीतरी स्टार्ट दिला. माझ्या शर्टाची बाही थेट वरच्या मजल्यावर गेली. मी, नशिबाने, खालीच राहिलो. नानांनी शेजारच्या एलिव्हेटरचा स्विच पाडला होता.

मॅडमच्या टोमण्यानंतर मी नव्याने लिहिलं. या वेळी चूक ठसठशीत होती. नानांची!

सहीसाठी धुळे गाठलं. रिटायर झाल्यापासून नाना तिथेच असतात. त्यांनी चहा मागवला, चष्मा पुसला. कागद इंग्रजीत, म्हणून मी मराठीत वाचून दाखवू लागलो. गणपतीच्या नाटकांत राजा गाजवलेला माझा आवाज! “सीनिअर वायरमनच्या निष्काळजीपणामुळे...” इथे तो बसला.

“थांबना का? वाच ना.”

“राहू द्या नाना. चुकीचं लिहिलंय.”

“चुकीचं काय? मनीच चूक शे.” त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पण तू बटन का बरं दाबं नही?”

“तुमच्यासमोर कसं दाबणार? तुमच्यावर भरवसा नाही, असं झालं असतं.”

“मना मान राखासाठे हात देणार व्हता का तू?”

मी कागद उलटा केला आणि पेन काढलं.

तिथेच बसून पुन्हा लिहिलं. स्विच चुकला, हे एका ओळीत. वडीलधाऱ्याला कसं तपासायचं या संकोचापायी मी नियम मोडला, हे पानभर. आणि काय बदललं? त्याच्या खाली मी खरं तेच लिहिलं: आजवर काहीच नाही. उद्यापासून, जो स्विच पाडेल त्यानेच दुसऱ्याला बोलवायचं, “ये, बटण दाबून बघ.” म्हणजे संकोचाला जागाच नाही.

नानांनी सही केली. दोनदा वाचून घेतल्यावर.

दर्जा मिळाला, खुर्चीही मिळाली. आता स्विच मी पाडला, तरी कालपरवा लागलेले ट्रेनी माझ्या डोळ्यांदेखत बटण दाबून खात्री करतात. दर वेळी मला थोडं लागतं. लागू दे. चूक लिहायला बसलात, तर आधी स्वतःच्या नावाने सुरुवात करा. सही लवकर मिळते.