अक्कांनी वाढवलेलं पोट

"थांब, स्वल्प बाजूला वळ," असं म्हणून अक्का एक डोळा मिटायच्या. समजावं, आता आपला मातीचा पुतळा होणार, आणि तोही दोष वाढवून. तुमच्या शेजारी असं कोणी नसेल, तर सुखी आहात.

मल्लेश्वरममधल्या आमच्या इमारतीत त्या चौथ्या मजल्यावर राहत. घराणं कैक पिढ्यांपासून बंगळुरूचंच. अक्का शिल्पकार. इंदिरानगरच्या गॅलऱ्यांत त्यांची कामं लागत, पण त्यांना त्याचं काही नसे. "तिथं लोक छान म्हणतात नि समोसे खातात. घरी मांडलं की चिडतात. चिडलेले बरे!"

म्हणून दसऱ्याच्या नऊ दिवसांत, तिकडच्या रीतीप्रमाणे, त्यांच्या घरी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या, की वरच्या पायऱ्यांवर देव आणि राजाराणी, अन् सगळ्यांत खाली आम्ही रहिवासी.

एका वर्षी मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. नव्या अधिकाराच्या भरात, कमिटीच्या सांगण्यावरून नोटीस लावली: कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट कधीचीच बंद होती. अक्कांकडे काम करणाऱ्या गंगम्मा दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढू लागल्या. मला दिसत होतं, पण कमिटीशी वाईटपणा कोण घेणार?

त्या दसऱ्याला खालच्या पायरीवर मातीची लिफ्ट होती. आत स्वेटर घातलेला कुत्रा, जिन्यात दम खात बसलेली बाई, आणि कुत्र्यासाठी अदबीनं दार धरणारा चष्मेवाला मी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी बाहुलीकडे बघत, मग माझ्या बायकोकडे.

"अक्का, माझं पोट एवढं आहे?"

"तू ती नोटीस फाड, मी पोट कमी करते. सरी? कबूल?"

मी फाडेना, तशा अक्का रोज त्या पोटावर थोडी ओली माती चढवत. अष्टमीला माझे पाय दिसेनासे झाले. नवमीला मी नोटीस फाडली. कमिटी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

तरी गंगम्मा जिन्यानंच येत. "बेडा अण्णा, नको. कोणी बोललं तर?"

"माझं काम अर्धंच झालं," अक्का कुरकुरत.

गेल्या संक्रांतीच्या आधी अक्का झोपेतच गेल्या. निरोप मिळताच गंगम्मा धावत आल्या. लिफ्टमध्ये कमिटीतले दोघे उभे होते, मी बाहेर जिन्यापाशी. मिटणारं दार हातानं अडवून त्या आत शिरल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "चौथा." एकानं मुकाट्यानं बटण दाबलं.

मी खालीच जिन्यावर बसलो आणि रडलो. हे बघायला अक्का हव्या होत्या.