कापलेली विचारपूस

परदेशातल्या त्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, आम्हा देशी पोरापोरींचा नुसता पूर आला होता, तेव्हाची गोष्ट. आठवड्याला वीस तास कामाची परवानगी. मैत्रिणी पेट्रोल पंपावर नाहीतर सुपरमार्केटात उभ्या. मला बसून करायचं काम मिळालं, म्हणून मी भलतीच खुशीत. आफ्रिकेतल्या टोगोहून आलेली एकजण पीएचडी करत होती, तिच्याकडच्या डोंगरातल्या, चार-सहा गावांत बोलल्या जाणाऱ्या भाषांवर. त्यांच्यावर धड एक पुस्तक नव्हतं. तिच्या मावशीचं बोलणं तिने कॅसेटवरून कम्प्युटरवर घेतलं होतं. त्यातले खोकल्याचे, कोंबड्यांचे आवाज मी काढायचे.

आता मी पडले चटपटीत. प्रत्येक फाइलीत पहिली दहा मिनिटं मावशी आणि ती एकमेकींना बारीकसारीक काहीतरी विचारायच्या, हुंकार द्यायच्या, मग कुठे गोष्ट सुरू. म्हटलं, हे पाल्हाळ हवंय कशाला? उडवलं, आणि मूळ फाइलींवरच सेव्ह केलं. आईलासुद्धा फोनवर 'मुद्द्याचं बोल गं' म्हणणारी मी. वर आठ दिवस आधी काम संपवल्याची शेखी मिरवली.

तिने ऐकलं. हेडफोन काढून ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "तू जे कापलंस ना, त्यावरच माझी पीएचडी आहे."

मग तिनेच समजावलं. तिकडे म्हणे घर, शेत, पोरंबाळं, सगळ्यांची खुशाली विचारल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही, आणि गावागणिक विचारायची रीत वेगळी. मावशी तर तोवर वारली होती. मूळ कॅसेट गावी भावाकडे. पार्सल यायला दोन महिने लागले, तेवढे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. उलट तीच मला ग्लेन वेव्हर्लीला, माझ्या घराकडे, जाणाऱ्या ट्रेनपर्यंत सोडायची आणि वाटेत माझ्या घरच्यांची चौकशी करायची.

कॅसेट धड निघाल्या. हुश्श! सगळं पुन्हा उतरवायला मीच बसले आणि ती शेजारी बसून अर्थ सांगू लागली. एके ठिकाणी ती हसली, टेप मागे घेतली. मावशी विचारत होती, परदेशात जो कोणी माझं हे बोलणं ऐकेल, त्याच्या घरी सगळे बरे आहेत ना? आणि मग उत्तरासाठी थांबली होती. ते थांबणंही मी कापलं होतं.

"बरे आहेत, मावशी," मी मशीनला मराठीतच सांगितलं. "सगळे बरे आहेत."

मागे एक कोंबडा आरवत होता. तोही मी राहू दिला.