गोलरक्षकाचा गंजीफ्रॉक

गोलरक्षकाइतका एकाकी माणूस खेळांच्या जगात दुसरा नाही, असं म्हणतात. आमच्याकडे राहायला आलेला गोलरक्षक मात्र एकटा कधीच नसे. त्याच्या बॅगेचा वास त्याच्याआधी घरात शिरे आणि तो बाहेर गेल्यावरही बराच वेळ बसून राही.

दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट. ऑकलंडला, सँडरिंगहॅममध्ये, आम्ही नवराबायको नवे होतो आणि मागची खोली रिकामी होती. माझ्या ऑफिसातला एक जण हौशी आइस हॉकीचा क्लब चालवायचा. न्यूझीलंडमध्ये हा खेळ खेळतात हेच तिथल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. क्लबाने हिवाळ्यापुरता कॅनडाहून एक व्यावसायिक गोलरक्षक मागवला होता. व्यावसायिक म्हणजे अमेरिकेतल्या लहान गावांच्या संघांतून बरीच वर्षं पगारावर खेळलेला, आणि आता कोणालाच नको असलेला. युरोपातल्या एका क्लबाने आमच्या शेवटच्या सामन्याची टेप मागितली होती. ती आवडली तर आणखी एक मोसम, नाहीतर मेहुण्याच्या धंद्यात छपरं दुरुस्त करायची. हे तो आमटी ओरपता ओरपता, हवामान सांगावं तसं सांगायचा.

आई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला एका सामन्याला नेलं.

"हा का पळत नाही रे?"

"तो गोल राखतो, आई."

"म्हणजे वॉचमन. मग वॉचमनला एवढ्या गाद्या कशाला बांधल्यात?"

पण तिचा त्याच्यावर जीव जडला. माझं ऐकून तोही तिला 'आई' म्हणायचा, ती त्याला मराठीतूनच रागवायची, आणि दोघांचं कुठे अडलं नाही.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी तो मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीसमोर खिळून उभा दिसला. पॅडखाली घालायचा त्याचा लांब बाह्यांचा गंजीफ्रॉक दोरीवर फडफडत होता. तो मुळात पांढरा होता हे आम्हाला तेव्हा कळलं.

"मीच धुतला," आई म्हणाली. "सोडा घालून, चांगला खळखळून. त्या बॅगेच्या वासाने गॅरेजमध्ये पाय ठेववेना, त्यापेक्षा मेंढ्या बऱ्या. थँक्यू म्हणायचं सोडून हा असा काय उभाय? कोणी गेलं का?"

मी समजावलं. संघ जिंकतोय तोवर तो गंजीफ्रॉक धुवायचा नाही, असा त्याचा नेम होता. धुतला की नशीबही गेलं.

आई हसेल असं मला वाटलं होतं. ती मटकन पायरीवर बसली.

"अरे मेल्या, आधी नाही का सांगायचंस? माणूस गावाला निघाला तर मागे केर काढत नाही आपण, आणि मी याचं सगळंच धुऊन टाकलं!"

घरात दोन इंजिनियर होते, पण त्याचं म्हणणं पटलं ते तिलाच. ती उठली आणि त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "खा. आणि मागे वळून बघू नकोस." सामन्याच्या दिवशी गोलरक्षकाशी कोणी बोलायचं नाही, असा त्यांच्याकडे दंडक असतो. आई त्याच्याशी फाटकापर्यंत बोलत गेली. मग परत येऊन तिने आम्हाला बजावलं, "खेळ संपेपर्यंत व्हॅक्यूमला हात लावाल तर खबरदार."

एरवी कोणाच्या शौर्याचे ढोल वाजू लागले की मी मागचं दार शोधतो. त्या संध्याकाळी मात्र, गारठलेल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेवटच्या मिनिटांत तो आडवा, उताणा, गुडघ्यांवर, जमेल तसा त्या रबरी चकतीच्या वाटेत पडत राहिला, आणि थंडीत मी टोपी काढून उभा होतो हे मला नंतर कळलं. शेजारी आई शालीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत होती. आम्ही एका गोलने जिंकलो. हातातल्या चिप्स गार झाल्या होत्या. तशा चिप्स मी पुन्हा कुठे खाल्ल्या नाहीत, आणि तशी आईही पुन्हा कधी दिसली नाही.

टेप आवडली. तो युरोपला गेला, करार झाला.

तिथला मुख्य गोलरक्षक तरुण होता आणि त्याला त्या मोसमात साधी सर्दीही झाली नाही. राखीव गोलरक्षकाचं काम, त्याने फोनवर सांगितलं, म्हणजे बाकावर बसायचं आणि खेळून परतणाऱ्यांसाठी बर्फाभोवतीच्या कठड्याचं छोटं दार उघडायचं.